पाण्याखाली उतरणाऱ्या माणसाची पात्रता निविदेत लिहा: महाराष्ट्र सागरी मंडळास खुले पत्र

प्रति,
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी,
महाराष्ट्र सागरी मंडळ, मुंबई.

प्रत माहितीसाठी व कार्यवाहीसाठी: सचिव, सार्वजनिक बांधकाम विभाग; संचालक, औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय; संचालक, व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालय.

विषय: कोकण किनाऱ्यावरील बांधकामांत पाण्याखाली काम करणाऱ्या पाणबुड्यांचे प्रशिक्षण, पात्रता आणि त्यासाठी निविदेतील तरतूद.

महोदय,

सविनय नमस्कार.

रेवसपासून रेडीपर्यंतच्या किनाऱ्यावर आज जेवढी कामे चालू आहेत किंवा कागदावर तयार आहेत, तेवढी माझ्या उमेदीच्या काळात कधीच नव्हती. सागरी महामार्गावरील खाडीपूल, प्रवासी जेट्ट्या, मासेमारी बंदरांची दुरुस्ती, वीजकेंद्रांसाठी समुद्राचे पाणी घेणाऱ्या वाहिन्या आणि उत्तरेला पालघर जिल्ह्यात ३० ऑगस्ट २०२४ रोजी पायाभरणी झालेले वाढवण बंदर, या प्रत्येक कामाचा काही भाग पाण्याखाली असतो. यंत्रे कितीही आली तरी तो भाग शेवटी माणसालाच उतरून करावा लागतो. पाइलचे, म्हणजे तळात रोवलेल्या खांबांचे, तडे चाचपणे, त्यांना जॅकेट म्हणजे दुरुस्तीचे आवरण बसवणे, शटरिंगचे बोल्ट आवळणे, जुने लोखंड कापणे, तळाला अडकलेला साखळदंड सोडवणे ही कामे करणारी माणसे कोण असावीत, त्यांना काय यावे आणि ते येते की नाही हे कोणी तपासावे, एवढ्यापुरतेच हे पत्र आहे. मी आधी बॉम्बे हायच्या तेलक्षेत्रात आणि नंतर कोकणातील खाडीपूल व जेट्ट्यांवर पाणबुड्या म्हणून, पुढे डायव्हिंग सुपरवायझर म्हणून काम केले आहे. पाण्याखालील कामासाठी लागणारी माणसे, त्यांची पात्रता आणि साधने निविदेत स्वतंत्र बाब म्हणून, स्वतंत्र दरासह लिहिली जावीत आणि ती पात्रता मिळवण्याची सोय याच किनाऱ्यावर व्हावी, अशी माझी मागणी आहे. यातील पहिली गोष्ट आपल्या एका परिपत्रकाने होण्यासारखी आहे, म्हणून पत्र प्रथम आपल्या नावे लिहीत आहे.

सध्या काय होते ते आधी सांगतो. माझ्या पाहण्यात आलेल्या बहुतेक निविदांमध्ये पाण्याखालील कामाचा उल्लेख ‘पाण्याखालील कामासह, सर्व साहित्य व मजुरी धरून’ अशा एका वाक्यात उरकलेला असतो आणि दर घनमीटरवर किंवा पाइलच्या लांबीवर ठरतो. या वाक्यात पाणबुड्या नावाचा माणूस कुठेच दिसत नाही. मुख्य कंत्राटदार ते काम उपकंत्राटदाराला देतो, तो आणखी खाली देतो आणि शेवटच्या पायरीवर उरलेल्या पैशांत जे बसेल ते जेट्टीवर येऊन उभे राहते. बहुधा ती जवळच्याच वाडीतील दोन-तीन पोरे असतात. ती पाण्याला बुजत नाहीत, कारण कालवे काढण्यात आणि होडीच्या पंख्यात गुंतलेले जाळे सोडवण्यात त्यांचे लहानपण गेलेले असते. त्यांच्या धाडसाविषयी माझ्या मनात आदरच आहे. परंतु त्यांच्या तोंडात जी हवा जाते ती पंक्चरच्या दुकानात शोभावी अशा कॉम्प्रेसरमधून, रंगकामाच्या नळीतून येते आणि त्या कॉम्प्रेसरचे इंजिन जेट्टीवर वाऱ्याच्या कोणत्या बाजूला धूर सोडते आहे, हे पाहायला कोणी नेमलेले नसते. श्वसनाच्या हवेच्या युरोपीय मानकात कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा दहा लाख भागांत ५ भाग एवढीच आहे. वरच्या हवेत जो अंश सहज खपून जातो, तो दहा मीटर खाली दाब दुप्पट झाल्यावर शरीरावर दुप्पट परिणाम करतो. इंजिनाचा धूर जिथून आत ओढला जातो तिथे ही मर्यादा केव्हाच ओलांडलेली असते, आणि या वायूला ना वास ना रंग.

लांबीवर दर लावण्याचा दुसरा परिणाम कार्यालयात बसून लक्षात येत नाही. खाडीत माणसाला नीट काम करता येते ते भरती संपून ओहोटी लागण्याआधी किंवा त्याच्या उलट, पाणी जवळजवळ थांबलेले असते त्या थोड्या वेळात. भांगाच्या, म्हणजे लहान भरतीच्या, दिवसांत हा वेळ बरा मिळतो, उधाणाला तो इतका थोडा असतो की साहित्य खाली पोहोचेपर्यंत पाणी पुन्हा धावू लागते. कामाचा जाणकार मुकादम म्हणूनच महिन्याचे वेळापत्रक तिथी पाहून लावतो. पण ज्याला मीटरवर पैसे मिळतात आणि ज्याच्या डोक्यावर पावसाळ्याआधी काम संपवण्याची मुदत टांगलेली असते, तो वाहत्या पाण्यातही माणूस उतरवतो, कारण थांबलेल्या दिवसाचे पैसे त्याला कोणीच देत नाही. म्हणजे माणसाने धोका पत्करावा अशी व्यवस्था दराच्या रचनेतच बसवलेली आहे. कंत्राटदाराला नुसता दोष देऊन हे सुटणार नाही. नियमाने चालणारा कंत्राटदार सर्वात कमी दराच्या स्पर्धेत मागे पडतो, हे निविदा समितीत बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते.

पाण्याखालचे बांधकाम प्रत्यक्षात कसे चालते, याची कल्पना समुद्राच्या निळ्या छायाचित्रांवरून येत नाही. खाडीचे पाणी बाराही महिने गढूळ असते आणि दोन-तीन मीटर खाली गेल्यावर मुखवट्याच्या काचेला टेकवलेला स्वतःचा हातसुद्धा दिसत नाही. पाइलवर चढलेल्या कालवांच्या कडा हातमोजा फाडतात. पाणबुड्या आधी खरवडून पृष्ठभाग साफ करतो, मग बोटांनी तडा शोधतो. तडा किती रुंद आहे, गंजलेली सळई उघडी पडली आहे का, किती सळया उघड्या आहेत, हे तो वर टेलिफोनवरून सांगतो आणि वर बसलेला माणूस ते पाइलच्या आकृतीवर नोंदवतो. नंतर जॅकेटचे दोन अर्धे भाग वरून सोडले जातात, ते अंधारात एकमेकांना जुळवून बोल्ट भरायचे असतात, तळाची फट बंद करायची असते आणि ग्राउट, म्हणजे सिमेंटचे पातळ मिश्रण, भरताना ते कुठून निसटते आहे यावर हात ठेवून लक्ष द्यायचे असते. ट्रेमीने, म्हणजे तळापर्यंत सोडलेल्या नळीने, काँक्रीट ओतताना नळीचे तोंड सतत ताज्या काँक्रीटमध्ये बुडलेले राहायला हवे. ते एकदा बाहेर आले की सिमेंट पाण्यात धुऊन निघते आणि वरून अखंड दिसणाऱ्या पायाच्या पोटात वाळू-खडीचा पोकळ थर राहतो. हे ज्याला समजत नाही तो खाली उतरून ‘सगळे ठीक आहे’ असे सांगतो, आणि त्याच्या या तीन शब्दांवर अभियंत्याची सही होते. म्हणून पाणबुड्याची पात्रता हा जसा त्याच्या जिवाचा प्रश्न आहे तसाच पुलाच्या आयुष्याचाही आहे.

येथे एक गैरसमज दूर करणे भाग आहे, कारण तो सरकारी बैठकांतही ऐकू येतो. मालवण-तारकर्लीला स्कूबा शिकलेले शेकडो तरुण आहेत, मग प्रशिक्षणाची वेगळी गरज काय, असे विचारले जाते. तेथील तरुणांनी आणि पर्यटन महामंडळाच्या तारकर्लीच्या संस्थेने या किनाऱ्यावर पाण्याखाली जाण्याची शिस्त रुजवली आहे, आणि उद्याच्या प्रशिक्षणाला तिचा मोठा आधार होईल. परंतु पर्यटन डायव्हिंगचा पहिला परवाना तीन-चार दिवसांत मिळतो आणि तो स्वच्छ पाण्यात, सोबत्याबरोबर, १८ मीटरपर्यंत पोहून परत येण्यासाठी असतो. त्यात वरच्याशी बोलण्याची सोय नसते, हवा पाठीवरच्या टाकीत असेल तेवढीच असते आणि काही बिनसले तर वर येणे हाच मुख्य उपाय असतो. बांधकामाचा पाणबुड्या अनेकदा अशा जागी असतो की त्याला सरळ वर येताच येत नाही. तेलक्षेत्रातील कामाचे नियम ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय सागरी कंत्राटदार संघटनेने, म्हणजे ‘इम्का’ने, अशा कामासाठी स्कूबा योग्य मानलेले नाही, ते याच कारणाने.

त्याऐवजी जी पद्धत वापरायची ती वरून हवा पुरवण्याची. पाणबुड्याच्या डोक्यावर हेल्मेट किंवा पूर्ण चेहरा झाकणारा मुखवटा असतो. त्याला जोडलेल्या जाड गुंडाळ्यात हवेची नळी, टेलिफोनची तार, खोली मोजणारी बारीक नळी आणि ओढ सहन करणारा दोर असे सगळे एकत्र असते, आणि वरची हवा तुटली तर वापरायला पाठीवर एक छोटी राखीव टाकी. वर ती नळी हातात धरून तिचा ताण जोखणारा एक साथीदार, पूर्ण पोशाख चढवून बसलेला दुसरा राखीव पाणबुड्या, आणि स्वतः कधीही पाण्यात न उतरणारा सुपरवायझर, ज्याच्यासमोर हवेचे दाब, घड्याळ आणि खोलीचा काटा असतो. अनुभवी सुपरवायझर बोलण्याआधी श्वास ऐकतो. स्पीकरवर येणाऱ्या श्वासाची लय वाढली की माणूस दमला, घाबरला किंवा कुठे अडकला हे त्याला शब्दांच्या आधी कळते. टेलिफोन बंद पडला तर दोराच्या खुणा असतात: वरून एक हिसका म्हणजे ‘बरा आहेस का’, चार म्हणजे ‘वर ये’, आणि खालून दोन-दोन-दोन म्हणजे ‘अडकलो आहे, मदत पाठवा’. या खुणा प्रत्येक हाताला झोपेतही आठवाव्या लागतात, आणि त्या पुस्तक वाचून येत नाहीत.

कोकणात सगळ्यात जास्त दुर्लक्षित असलेला धोका खोलीचा नाही, दोन बाजूंच्या पाण्याच्या पातळीतील फरकाचा आहे. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याचे बरगे बसवल्यावर गळती राहते आणि ती बुजवायला माणूस उतरवला जातो, हे आपल्याकडे दर हिवाळ्यात घडते. वरच्या आणि खालच्या पाण्यात तीन मीटरचा फरक असेल आणि मध्ये ३० सेंटीमीटर व्यासाचे भोक असेल, तर त्या भोकावर सुमारे २१० किलोचा दाब पडतो. फरक दहा मीटरचा असेल, जसा धरणाच्या दरवाजापाशी असतो, तर तोच दाब ७०० किलोच्या घरात जातो. गढूळ पाण्यात भोक दिसत नाही, दूरवर ओढही जाणवत नाही आणि हात किंवा पाय त्यावर टेकला की तो कोणालाही ओढून काढता येत नाही, जोवर दोन्ही बाजूंचे पाणी सारखे होत नाही. पाणी उपसलेल्या कॉफरडॅमची (कामापुरत्या बांधलेल्या पाणरोधक वेढ्याची) भिंत आणि वीजकेंद्राच्या वाहिनीचे तोंड यांना हाच हिशेब लागू आहे. त्रिनिदादमध्ये २५ फेब्रुवारी २०२२ रोजी ३० इंच व्यासाच्या तेलवाहिनीवर देखभालीचे काम करणारे पाच पाणबुडे अशाच दाबाच्या फरकाने वाहिनीत ओढले गेले. त्यांतील एक जिवंत बाहेर आला, चौघे गेले. तेथे या व्यवसायाची माणसे शिकलेली होती, हेही लक्षात घ्यावे. प्रशिक्षणाने धोका ओळखता येतो, पण पंप बंद करणे, दरवाजाला कुलूप लावणे आणि पाणी समपातळीत आल्याशिवाय कोणाला न उतरवणे हे मालक खात्याच्याच हातात असते. म्हणून पाणबुड्यांबरोबर आपल्या कनिष्ठ अभियंत्यांनाही एका दिवसाचे तरी शिक्षण मिळावे, असे मला वाटते.

कापण्याच्या कामाविषयी थोडक्यातच लिहितो. पाण्याखाली विजेच्या कांडीने लोखंड कापताना फक्त डीसी वीज चालते, कांडी बदलताना वरून स्विच उघडून वीज तोडलेली ठेवावी लागते आणि कापताना निघणारे हायड्रोजन व उरलेला ऑक्सिजन डेकच्या खाली किंवा पोकळ पाइलमध्ये साठून स्फोट होऊ शकतो. वर जमिनीवर वेल्डिंगचे यंत्र आहे म्हणून त्याचीच तार लांब करून खाली सोडण्याचा प्रकार मी पाहिला आहे.

खोली कमी आहे म्हणून दाबाचा आजार होणार नाही, हा समजही तितकाच चुकीचा आहे. दाबाखाली श्वासातील नायट्रोजन शरीरात विरघळत जातो आणि माणूस घाईने वर आला की तो बुडबुड्यांच्या रूपाने सांधे, मज्जारज्जू किंवा मेंदूत अडकतो. जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी १९०८ मध्ये वर येण्याचे तक्ते मांडले, तेव्हापासून या गोष्टीला अंदाजाचे कारण उरलेले नाही. अमेरिकी नौदलाच्या तक्त्याप्रमाणे वर येताना मध्ये थांबा घ्यावा न लागता ३० मीटरवर २५ मिनिटे, १८ मीटरवर साधारण एक तास आणि १२ मीटरवर पावणेतीन तासांच्या आसपास राहता येते. आपल्या खाड्यांत खोली बहुधा दहा-बारा मीटर असते, म्हणून तक्ता कोणी उघडतच नाही, आणि सकाळ-दुपार मिळून तोच मुलगा चार-पाच तास खाली राहतो. संध्याकाळी खांदा दुखू लागला तर तो दिवसभराच्या मेहनतीचा म्हणून तेल चोळून झोपतो.

यात कोकणाचा भूगोल आणखी एक अडचण घालतो, जिच्याविषयी कोणत्याही कार्यालयात चर्चा झाल्याचे मी ऐकलेले नाही. सिंधुदुर्ग किंवा दक्षिण रत्नागिरीत एखाद्याला गंभीर त्रास झाला तर नातेवाईक त्याला कोल्हापूरच्या मोठ्या दवाखान्यात नेतात, म्हणजे करूळ, फोंडा किंवा आंबोली घाट चढून. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर उंच आहे. पाण्यातून निघाल्यावर सुमारे ३०० मीटरपेक्षा जास्त उंचीवर जाण्यासाठी सुद्धा तक्त्यांत आधी किनाऱ्यावर थांबण्याचा वेगळा वेळ सांगितला आहे, कारण उंचीवर हवेचा दाब कमी होतो आणि शरीरातील बुडबुडे फुगतात. ज्याला आजार झालेलाच आहे त्याला रुग्णवाहिकेत घालून घाट चढवणे म्हणजे बरे करायला नेताना आजार वाढवणे आहे. सुट्टीला घाटावरच्या गावी जाणाऱ्या धडधाकट पाणबुड्यालाही हे सांगितले पाहिजे. उपचाराची खरी जागा म्हणजे दाबाची चेंबर, जिथे रुग्णाला १८ मीटर खोलीइतक्या दाबापासून सुरुवात करून ऑक्सिजन देत पावणेपाच तासांच्या आसपास ठेवतात. मुंबईत कुलाब्याला नौदलाच्या ‘अश्विनी’ रुग्णालयात या वैद्यकाची परंपरा आहे, पण मालवणहून मुंबई पाचशे किलोमीटरच्या घरात आहे. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग येथे आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. तिथे निदान एक चेंबर, ती चालवणारा तंत्रज्ञ आणि नौदलाकडून या विषयात प्रशिक्षित होऊन आलेला एक डॉक्टर ठेवणे हे मोठ्या बंदरांच्या खर्चापुढे काहीच नाही. तोवर प्रत्येक कामावर शुद्ध ऑक्सिजनची टाकी आणि किनाऱ्यानेच जाणारा रुग्णवाहिकेचा मार्ग लिहून ठेवला जावा.

कायद्याचे म्हणाल तर आपल्याकडे पाटी कोरी नाही. भारतीय मानक संस्थेने १९८२ मध्येच आयएस १०२९१ ही सिव्हिल कामांतील ड्रेस डायव्हर्ससाठीची सुरक्षा संहिता काढली होती. ती पितळी शिरस्त्राण आणि शिशाच्या बुटांच्या काळाची आहे, तरी खाते तिचा साधा उल्लेखही निविदेत करत नाही, याचे आश्चर्य वाटते. इमारत व इतर बांधकाम कामगारांच्या १९९८ च्या केंद्रीय नियमांत कॉफरडॅम आणि केसन (पाण्यात पाया घालण्यासाठी उतरवलेली पेटी) यांवर स्वतंत्र प्रकरण आहे. दाबाच्या हवेत काम केल्याने होणारे आजार १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात व्यावसायिक आजार म्हणून फार पूर्वीपासून नोंदलेले होते. कामगारांचे कायदे २०२० च्या संहितांमध्ये एकत्र केले गेल्यानंतर राज्याने आपले नियम लिहिताना पाणबुड्यांसाठी निश्चित तरतूद करण्याची ही योग्य वेळ आहे. मात्र भरपाईचा हक्क कागदावर असून भागत नाही. सतत दाबाखाली काम केलेल्यांच्या खुब्याचे किंवा खांद्याचे हाड आतून मरत जाते आणि ते कित्येक वर्षांनी क्ष-किरणात दिसते. तोवर रोजंदारीवर उतरलेल्या माणसाकडे तो कधी, कुठे, किती खोल आणि किती वेळ होता याचा एकही सहीचा कागद नसतो. प्रत्येक पाणबुड्याला लॉगबुक मिळावे, त्यातील प्रत्येक उतरण्यावर सुपरवायझरची सही असावी आणि त्या लॉगबुकची प्रत खात्याकडे राहावी. एवढ्या एका वहीने पात्रता मोजता येईल, अनुभव सिद्ध करता येईल आणि भरपाईचा दावाही उभा राहील.

इतर देशांत काय करतात हे नक्कल करण्यासाठी नव्हे, मोजमापासाठी पाहावे. ब्रिटनमध्ये १९९७ च्या नियमांनुसार कामासाठी उतरणाऱ्या प्रत्येकाकडे मान्य पात्रता आणि बारा महिन्यांच्या आतील वैद्यकीय प्रमाणपत्र लागते, सुपरवायझरची नेमणूक लेखी असते आणि काम सुरू होण्याआधी त्या जागेचा आराखडा तयार करावा लागतो. अमेरिकेत व्यावसायिक पाणबुड्यांच्या प्रवेश पातळीच्या प्रशिक्षणाचे मानक किमान ६२५ तासांचे आहे. आंतरराष्ट्रीय डायव्हिंग शाळांच्या संघटनेने चार पायऱ्या केल्या आहेत: व्यावसायिक स्कूबा, वरून हवा घेऊन किनाऱ्याजवळचे काम, तशीच हवा घेऊन भर समुद्रातील काम, आणि शेवटी बंद घंटेतून (दाब राखणाऱ्या कोठडीतून) होणारे खोल काम. कोकणच्या बांधकामाला यातली दुसरी पायरी पुरेशी आहे. चौथीच्या गप्पा मारून दुसरीसुद्धा न गाठण्याची आपली सवय मात्र सोडावी लागेल.

हे प्रशिक्षण कोणाला द्यायचे, यावर माझे मत जरा आग्रही आहे. पट्टीचा पोहणारा शोधून त्याला वेल्डिंग शिकवण्यापेक्षा फिटर, वेल्डर किंवा गवंडीकाम येणारा मुलगा घेऊन त्याला पाण्याखाली न्यावे. पाण्यात राहायला काही महिन्यांत शिकवता येते, हाताला कसब यायला वर्षे लागतात. रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून दरवर्षी बाहेर पडणाऱ्या मुलांपैकी गाबित, खारवी, भंडारी, कोळी घरांतली कितीतरी मुले अशी आहेत की त्यांच्याकडे दोन्ही गोष्टी असतात आणि तरीही ती मुंबईला सुरक्षारक्षकाची नोकरी शोधत जातात. यांच्यासाठी व्यवसाय शिक्षण संचालनालयाने रत्नागिरी किंवा मालवण येथे एक पुढचा अभ्यासक्रम सुरू करावा. त्यात आधी वैद्यकीय तपासणी, मग दाब व वायूंचे शास्त्र आणि तक्ते, मग तलावात हेल्मेटसह सराव, आणि निम्म्याहून अधिक वेळ खऱ्या गढूळ खाडीत, काच झाकून, हाताने बोल्ट जुळवत, सळई मोजत, ट्रेमी हाताळत, वजन उचलणाऱ्या फुग्यांनी अवजड सामान हलवत काढावा. शिकवायला नौदलाच्या कोचीच्या डायव्हिंग शाळेतून तयार झालेले आणि निवृत्त होऊन कोकणातल्या आपल्या गावी परतलेले जवान मिळू शकतील. खाजगी संस्थांचे असे अभ्यासक्रम काही लाखांच्या घरात जातात, ते वाडीतल्या मुलाला परवडत नाहीत. बांधकाम कामगार कल्याणाच्या उपकरातून त्याचे शुल्क देता येईल का, याचा संबंधित खात्याने विचार करावा.

जे आज विनाकागद हे काम करतात त्यांना या नव्या अटीने घरी बसवू नये. त्यांच्यातल्या कित्येकांना पाणी माझ्यापेक्षा जास्त कळते. त्यांची कौशल्ये तपासून, जे येत नाही तेवढेच शिकवून आणि वैद्यकीय तपासणी करून पूर्वानुभवावर प्रमाणपत्र द्यावे. मात्र तपासणीत सूट नसावी. कानाचा पडदा, फुप्फुस आणि सांधे यांच्यापुढे कोणाचाही अनुभव चालत नाही.

आता निविदेकडे वळतो, कारण तिथे बदल झाला नाही तर शिकलेली मुलेही पुन्हा त्याच शेवटच्या पायरीवर येऊन उभी राहतील. माझी विनंती अशी की आपल्या प्रत्येक अंदाजपत्रकात ‘डायव्हिंग पथक’ अशी स्वतंत्र बाब असावी आणि तिचा दर दिवसावर असावा. पथकात सुपरवायझर, कामाचा पाणबुड्या, राखीव पाणबुड्या आणि नळी सांभाळणारा साथीदार ही किमान माणसे नावानिशी, प्रमाणपत्र आणि लॉगबुकसह दाखवावीत. कॉम्प्रेसर, हेल्मेट, राखीव हवा, टेलिफोन आणि ऑक्सिजन यांची यादी व तपासणीची तारीख जोडावी. पाणी वाहते म्हणून, लाट आहे म्हणून किंवा दाबाचा फरक मिटलेला नाही म्हणून काम थांबवण्याचा सुपरवायझरचा निर्णय अंतिम राहील आणि त्या दिवसाचे पथकाचे पैसे कापले जाणार नाहीत, हे वाक्य जसेच्या तसे करारात यावे. ही बाब स्पर्धेतून बाहेर ठेवून तिची रक्कम खात्यानेच आधी ठरवून दिली, तर माणसाच्या सुरक्षेवर दर कमी करण्याची चढाओढ उरणार नाही.

यामुळे छोट्या जेट्टीच्या दुरुस्तीचा खर्च वाढेल, हा आक्षेप खरा आहे आणि तो मी टाळत नाही. त्यावर एकच उपाय सुचवतो: माणूस कमी वेळा पाण्यात उतरेल अशी आखणी करावी. उधाणाच्या ओहोटीला जे कोरडे पडते ते त्या दोन-तीन तासांत उघड्यावर करावे. पाण्याच्या खालचे घटक शक्य तिथे बाहेर घडवून बसवावेत. नुसती पाहणी कॅमेरा लावलेल्या यंत्राने होत असेल, तिथे आधी यंत्र पाठवावे आणि शंका आली तरच माणूस. असे केल्यावर जे काम उरते ते करण्यासाठी पूर्ण पथक परवडत नसेल, तर ते काम आपल्याला परवडत नाही असेच म्हणावे लागेल.

पाहणीचा विषय निघाला म्हणून सावित्रीचा उल्लेख करतो. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा ब्रिटिशकालीन दगडी पूल पुरात वाहून गेला आणि त्याबरोबर एसटीच्या दोन बसगाड्या गेल्या. त्यानंतर अनेक दिवस नौदल, तटरक्षक दल आणि राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची माणसे नदीत शोध घेत होती. पायाखालची वाळू वाहून जाऊन खोल खळगा पडला आहे का, हे पुलावर उभे राहून कळत नाही. ते पावसाळा संपल्यावर खाली जाऊन, काठीने आणि हाताने मोजावे लागते, आणि मोजणाऱ्याला काय मोजायचे हे कळावे लागते. शोधासाठी आपल्याकडे कसलेले पाणबुडे आहेत. पाया मोजणारे तितकेच कसलेले पाणबुडे सार्वजनिक बांधकाम विभागाच्या यादीवर असावेत, आणि त्यांनी भरलेला अहवाल पुलाच्या नोंदवहीत दरवर्षी जोडला जावा.

पावसाळ्यानंतर सुरू होणाऱ्या कामांची अंदाजपत्रके आपल्या कार्यालयात बहुधा उन्हाळ्यापासून तयार होऊ लागतात. त्यांपैकी एका जेट्टीच्या दुरुस्तीत तरी वर लिहिलेली बाब प्रयोग म्हणून घालावी आणि तिचा खर्च, लागलेले दिवस व केलेल्या कामाचा दर्जा यांची नोंद जुन्या पद्धतीच्या एखाद्या कामाशी ताडून पाहावी. त्या बाबीच्या मजकुराचा मसुदा, पथकाच्या दराचे पृथक्करण आणि लॉगबुकचा नमुना मी तयार केला आहे. आपण किंवा आपले अधीक्षक अभियंता सांगतील त्या दिवशी तो घेऊन मी मुंबईस किंवा रत्नागिरीच्या कार्यालयात हजर राहीन.

आपला विश्वासू,
रत्नागिरी जिल्ह्यातील एक निवृत्त डायव्हिंग सुपरवायझर